नसेल तर बनव

६ जानेवारी

आज पुन्हा तेच. आजोबाने शॉट रेंडरला लावला आणि जेवायला गेला. आजोबा अजून तिशीचाही नाही. पण चालणं, बोलणं आणि माउस हलवणं पेन्शनीत निघालेल्या माणसाचं, म्हणून आजोबा. पोट भरून परत आला तेव्हा पडद्यावर लाल अक्षरं होती: असं फोल्डर अस्तित्वात नाही.

शॉटची नवी आवृत्ती काढायची तर आधी तिचं फोल्डर बनवायचं आणि मग रेंडर लावायचा. एवढंच. दात घासण्याइतकं काम. तेही होत नाही.

"आजोबा, फोल्डर कोण बनवणार? तुमचे तीर्थरूप?"

"विसरलो, सर."

"जेवायला नाही विसरलात."

सगळे हसले. तोही हसला. पाणउतारा झालाय हे कळायलाही थोडी अक्कल लागते.

९ जानेवारी

मालकांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांना समजावलं. त्यांना समजावणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणं. वाळलं की जुना डाग पुन्हा वर.

सांगितलं की शॉट पूर्ण झाला की तो एकेक चित्र करून बाहेर काढावा लागतो, त्याला रेंडर म्हणतात. ती चित्रं कुठे ठेवायची तो पत्ता आधी लिहून द्यायचा असतो. त्या जागी फोल्डर नसेल तर सॉफ्टवेअर ते स्वतःहून बनवत नाही. लाल अक्षरांत नकार देतं आणि थांबतं.

"म्हणजे आडमुठं आहे," मालक म्हणाले. हा धंदा ते बरीच वर्षं करताहेत.

"सॉफ्टवेअर शिस्तीचं आहे. माणसं आडमुठी आहेत."

"मग काय करायचं?"

"माणसं काही बदलत नाहीत. मी एक स्क्रिप्ट लिहितो, म्हणजे छोटासा प्रोग्राम. रेंडर सुरू व्हायच्या आधी ती बघेल. फोल्डर नसेल तर बनवेल."

"लगेच करा. नदीच्या पिक्चरला उपयोग होईल."

नदीचा पिक्चर म्हणजे सध्या सगळे ज्यावर मरताहेत तो. नायिका अर्धा पिक्चर एका पुलाला लोंबकळते. तिला धरून ठेवणाऱ्या तारा आम्ही पुसायच्या, खालची नदी आम्ही आणायची, उडणारे केस आम्ही कापून काढायचे. तिने किंचाळायचं. किंचाळणंही दुसऱ्या कोणाचं तरी आहे असं ऐकतो.

११ जानेवारी

हिने जेवताना विषय काढलाच.

हिचा धाकटा भाऊ आमच्याच ऑफिसात शेवटच्या टेबलावर बसतो आणि आमच्याच घरात मागच्या खोलीत राहतो. दोन्ही माझ्या शब्दावर. नदीचा पिक्चर संपेपर्यंतचा करार आहे. त्यानंतर कायम करायचं की निरोप द्यायचा, ते मालक ठरवतील. कायम झाला तर स्वतःची जागा बघणार आहे. म्हणजे त्याने कायम व्हावं असं मलाही वाटतं. फक्त कारण वेगळं.

"मालकांकडे एक शब्द टाक ना," ही म्हणाली.

"एक टाकला म्हणूनच तो तिथे आहे."

"मग दुसरा टाक. शब्दांचा दुष्काळ पडलाय का? लोकांना नावं ठेवायला तर बरे पुरतात."

मेहुणा ओट्याशी उभा राहून स्वतःचा कप विसळत होता. ऐकत होता. कप पुसून जागेवर ठेवला, कपाचा कान भिंतीकडे वळवून. हा माणूस कप इतक्या काळजीने ठेवतो की तो फोडावासा वाटतो.

१५ जानेवारी

स्क्रिप्ट झाली. डझनभर ओळी, त्यातल्या काही मोकळ्या. रेंडरचं बटण दाबलं की ती सगळ्यांच्या आधी जागी होते. दिलेला पत्ता वाचते. तिथे फोल्डर आहे का बघते. नसेल तर बनवते. वाटेतली फोल्डर नसतील तर तीही बनवते. मग बाजूला होते. कोणाला काही विचारत नाही.

मी आजवर जे काही लिहिलं त्यात हे सगळ्यात स्वच्छ. कॉलेजात असताना कविता लिहायचो. त्यांतली एकही ओळ इतकी कामाची नव्हती.

एक शंका राहिली आहे. दिलेल्या पत्त्यावर खरोखर सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचं काम साठवणारं मशीन, जोडलेला आहे की नाही, हे ती बघत नाही. मिळेल त्या जमिनीवर घर बांधते. बघायला हवं का? बराच वेळ डोक्यात घोळत होतं. मग वाटलं, माणसांनी अक्कल गहाण टाकली म्हणून ओळींनी तरी किती शहाणं व्हायचं. सोडून दिलं.

१६ जानेवारी

सगळ्यांच्या मशीनवर चढवली. सगळ्यांना माझ्या टेबलाभोवती गोळा करून ती चालवून दाखवली. मुद्दाम नसलेल्या फोल्डरचा पत्ता दिला, बटण दाबलं, फोल्डर उभं राहिलं, चित्रं पडायला लागली.

"जादू, सर," गॉगल म्हणाला. आमच्या खोलीला खिडकी नाही, तरी हा काळा चष्मा लावून बसतो आणि रंग जुळवतो.

जादू कसली? वाचन. सॉफ्टवेअरचं मॅन्युअल ह्या इमारतीत माझ्याखेरीज कोणी उघडलेलं नाही.

मेहुणा सगळ्यांच्या मागे उभा होता. "भावजी, एक विचारू?"

"ऑफिसात सर."

"सर. रेंडरचा सर्व्हर जोडलेला नसला तर ती फोल्डर कुठे बनवेल?"

"सर्व्हर नसला तर तू इथे काय करत असशील? झोपा?"

खसखस पिकली. तो मान हलवून जागेवर गेला. फुटेज एका सर्व्हरवर असतं आणि रेंडर दुसऱ्यावर जातात. हा दुसरा कधीकधी मशीन सुरू होताना जोडला जायचा राहतो. सिस्टीमवाला येऊन हाताने जोडून देतो. चहा देणाऱ्यालाही हे माहीत आहे. चारचौघांत विचारण्यासारखं त्यात काय होतं? हुशारी दाखवायची, तीही माझ्यासमोर.

२४ जानेवारी

आठवडा शांत गेला. लाल अक्षरं नाहीत, आरडाओरडा नाही. आजोबाने विचारलं, "सर, म्हणजे आता फोल्डर खरंच बनवायचं नाही?" नाही म्हटलं. त्याला जरा वाईट वाटलेलं दिसलं. दिवसाकाठी ते एक तरी काम त्याच्या हातून व्हायचं.

सिस्टीमवाला जिन्यात भेटला. "पूर्वी दिवसभर हाका यायच्या, सर्व्हर जोड, सर्व्हर जोड. हल्ली कोणी बोलवतच नाही. सर्व्हर सुधारला वाटतं."

"सर्व्हर नाही. माणसं सुधारली."

तो हो म्हणाला. ह्याला काहीही सांगा, हो म्हणतो.

२ फेब्रुवारी

नायिकेच्या केसांचे शॉट मालकांनी मेहुण्याला दिले. मला न विचारता. वारा, पाणी, मागे निळा पडदा, आणि प्रत्येक केस वेगळा. मी घेतले असते असं नाही. पण विचारायला हवं होतं.

७ फेब्रुवारी

गॉगल सगळ्यांना त्याच्या टेबलाशी नेऊन केस दाखवत होता, जणू स्वतःचेच. मीही गेलो. एकेक केस मोकळा निघालाय, आतून नदीचं पाणी दिसतंय. कुठे कापलंय ते मलाही सापडलं नाही.

"कडा जरा कडक आहेत," मी म्हटलं.

"बघतो, सर," मेहुणा म्हणाला.

कडा कडक नव्हत्या. पण काहीतरी बोलावं लागतं.

१३ फेब्रुवारी

गॉगल म्हणतो, काल काढलेला एक रेंडर आज सापडत नाही. म्हटलं, चष्मा काढून शोध. तरी सापडला नाही म्हणे. पुन्हा काढला. ह्या लोकांना काम केल्याची स्वप्नं पडतात आणि ते त्यालाच हजेरी समजतात.

१९ फेब्रुवारी

उद्या नदीच्या पिक्चरचा दिग्दर्शक केस बघायला येणार. त्याच्या होकारावर पुढचा सगळा भाग आपल्याला मिळणार, म्हणून मालक सकाळपासून येरझाऱ्या घालताहेत. मेहुण्याचं मशीन सकाळी एकदा आपोआप बंद पडलं, त्याने पुन्हा सुरू केलं आणि दिवसभर मान वर केली नाही. जाताना मालकांना सांगून गेला, "सगळे शॉट निघाले, सर. दोनदा बघून घेतले."

घरी आल्यावर गुणगुणत होता. हिला म्हणाला, "ताई, आता होईल बहुतेक." ही लगेच घरं बघायच्या गोष्टी करायला लागली. खिडकी कुठल्या बाजूला हवी वगैरे. मी पेपर वाचत बसलो.

२० फेब्रुवारी

शोभा झाली.

दिग्दर्शक आला, सोबत त्याचे दोन होयबा. छोट्या थिएटरात सगळे बसले. मालकांनी दिवे घालवले. पडदा काळाच. मालकांनी मला आत बोलावलं, मी सर्व्हर उघडला. मेहुण्याच्या शॉटची नवी आवृत्ती नाही. चित्रं नाहीत हे ठीक, फोल्डरसुद्धा नाही.

त्याला बोलावलं. तो आला, बघितलं, आणि पांढरा पडला. "काल होते. मी चालवून बघितले. माझ्या मशीनवर आहेत, दाखवतो." धावत टेबलाशी गेला, आम्ही मागून. सकाळी सुरू केलेल्या त्याच्या मशीनवरही काही नव्हतं. तो एकामागून एक फोल्डर उघडत राहिला, खिशातली किल्ली शोधतात तसं.

दिग्दर्शक मालकांना म्हणाला, "तुम्ही तयार असाल तेव्हा कळवा. घाई नाही." घाई नाही म्हणणाऱ्यांचा आवाज कसा असतो ते माहीत आहे. चहा न घेता गेला.

मालकांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "काय झालं असेल?"

मी साधा हिशेब सांगितला. रेंडर लावला की माझी स्क्रिप्ट आधी फोल्डर बनवते. बनवतेच. इथे फोल्डर नाही. म्हणजे रेंडर लावलाच नाही.

तर्क असा असावा.

शॉट पुन्हा काढायला घेतले तर सिस्टीमवाला म्हणाला, "ह्याच्या मशीनची स्वतःची डिस्क तुडुंब भरलीय. पण बघायला गेलं तर वर काहीच दिसत नाही. चमत्कारिक आहे."

"पिक्चर उतरवून लपवले असतील. सगळं पुसून टाक आणि मशीन नव्याने लाव."

"एकदा आत काय आहे ते बघू का?"

"वेळ आहे तुझ्याकडे?"

नव्हता. पुसून टाकलं. शॉट दुपारी निघाले. सुंदर निघाले. बघायला कोणी नव्हतं.

२१ फेब्रुवारी

घरी चहाच्या वेळी मेहुणा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हणेपर्यंत आत येत नाही. तेही मला आवडत नाही.

"भावजी, मी विचार केला. परवा सकाळी माझं मशीन बंद पडून सुरू झालं. तेव्हा रेंडरचा सर्व्हर जोडला गेला नसणार. पूर्वी अशा वेळी लाल अक्षरं यायची आणि आपण सिस्टीमवाल्याला हाक मारायचो. आता स्क्रिप्टने तो पत्ता माझ्याच डिस्कवर उभा केला असेल. मी दिवसभर तिथेच रेंडर काढले, तिथेच बघितले. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं तेव्हा सर्व्हर नीट जोडला गेला, त्याच पत्त्यावर येऊन बसला, आणि ते सगळं त्याच्याखाली झाकलं गेलं. म्हणून डिस्क भरलेली, आणि दिसत काही नाही."

एका दमात बोलला. पाठ केल्यासारखं.

"झालं?"

"तुम्ही एकदा करून बघाल का?"

"स्वतःची चूक माझ्या ओळींत शोधू नकोस."

"चूक नाही म्हणत मी. फक्त…"

"मशीन पुसलंय. आता तू काहीही म्हणू शकतोस."

तो दार अलगद लावून गेला. आवाज न करता दार लावणाऱ्या माणसांचा मला भरवसा नाही.

खरं असेल का? नाही. खरं असतं तर मला आधीच सुचलं असतं.

२३ फेब्रुवारी

मालकांच्या केबिनमध्ये आम्ही तिघे.

"काम राहिलं तर मी समजू शकतो," मालक म्हणाले. "मीही ह्यातूनच गेलोय. राहिलंय म्हणून सांगायला काय झालं होतं? दोनदा बघितलं म्हणालास. त्या माणसासमोर माझं नाक कापलं गेलं."

"सर, रेंडर झाले होते. मला वाटतं, त्या स्क्रिप्टमध्ये…"

आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या काचेखालचा फोटो बघत होतो. मालकांचा मुलगा, घोड्यावर.

"स्क्रिप्टमध्ये काय?"

तो म्हणाला, "काही नाही, सर. माझ्याकडूनच राहिलं असेल."

शेवटी कबूल केलं. दोन दिवस रचलेली गोष्ट एका नजरेत ढासळली. खोट्याचं असंच होतं.

मालक माझ्याकडे वळले. "तुमचं काय मत?"

"नात्यातला आहे. मी काही बोलणं बरं दिसणार नाही."

हे वाक्य मला आवडलं. त्याला वजन होतं. मालकांनी मान डोलावली आणि त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. तो मालकांना थँक्यू म्हणाला. कशाबद्दल ते त्यालाच ठाऊक.

२५ फेब्रुवारी

मागची खोली रिकामी झाली. कुठल्या तरी मित्राकडे गेला. एक बॅग, एक उशी. चादरीची घडी घालून गादीवर ठेवून गेला. जाताना मला वाकून नमस्कार करायला आला. मी फोनवर होतो.

ही दिवसभर बोलली नाही. भांडी मात्र बोलत होती.

२७ फेब्रुवारी

हिला कंठ फुटला.

"त्याने मला सगळं सांगितलंय. सर्व्हर, डिस्क, सगळं. समजलं नाही तेव्हा कागदावर काढून दाखवलं."

"कागदावर काहीही काढता येतं."

"मी त्याला म्हटलं, हे मालकांना का नाही सांगितलंस? माहितेय काय म्हणाला? म्हणाला, ताई, ते भावजींचं नाव आहे तिथे. त्या नावावर तुझं घर चालतं. मी काय, एकटा आहे."

"नाटक."

"नाटक करणारा माणूस नोकरी वाचवायला करतो. घालवायला नाही."

ह्यावर मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. चांगलं नव्हतं. हिने ताट उचललं आणि आत गेली.

४ मार्च

आज करून बघितलं. विश्वास बसला म्हणून नाही, हिचं तोंड बंद व्हावं म्हणून. रविवार होता, ऑफिसात कोणी नव्हतं. खुर्च्या सगळ्या आपापल्या मालकांसारख्या वाकड्या बसलेल्या.

माझ्या मशीनचा रेंडरचा सर्व्हर तोडला. एक जुना शॉट रेंडरला लावला. लाल अक्षरं आली नाहीत. स्क्रिप्ट जागी झाली, फोल्डर नाही असं तिला दिसलं, तिने ते बनवलं. सर्व्हरचं नाव, पिक्चरचं नाव, शॉटचं नाव, सगळं एकात एक, हुबेहूब. माझ्याच डिस्कवर. चित्रं पडली. मी ती चालवून बघितली. छान चालली.

मग सर्व्हर जोडला. सगळं नाहीसं झालं.

सर्व्हर पुन्हा तोडला. सगळं परत आलं.

पुन्हा जोडला. पुन्हा तोडला. कितीदा केलं आठवत नाही. घरी जायला निघालो तर वाटेत दुकानातून काहीतरी आणायचं होतं तेही विसरलो.

तर ते तसं आहे. पण सर्व्हर जोडलाय की नाही ते बघणं हे प्रत्येकाचं काम आहे. मी स्क्रिप्ट लिहिली, पाळणाघर नाही काढलेलं. त्याने मशीन सुरू झाल्यावर एकदा बघितलं असतं तर? शंका तर त्यालाच आली होती पहिल्याच दिवशी. स्वतःच्या शंकेवर न चालणारा माणूस. आणि मला ती शंका त्याच्या आधीच्याच दिवशी आली होती, हे इथे लिहिलेलं आहे; पण शंका सगळ्यांनाच येतात.

५ मार्च

स्क्रिप्टमध्ये तीन ओळी घातल्या. आधी सर्व्हर जोडलाय का बघ. नसेल तर थांब आणि सांग. सगळ्यांना म्हटलं, छोटी सुधारणा.

दुपारपर्यंत आजोबाच्या पडद्यावर लाल अक्षरं. ह्या खेपेला शब्द माझे. "सिस्टीमवाल्याला बोलवा."

सिस्टीमवाला आला, सर्व्हर जोडला, मजकूर वाचला. मग माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "म्हणजे सर, त्या दिवशी त्या डिस्कवर…"

"कुठल्या दिवशी?"

"नाही, काही नाही," म्हणाला. हो म्हणणारा माणूस नाहीही म्हणू शकतो, हे आज समजलं.

९ मार्च

हिने सरळ विचारलं. "करून बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

मी वर्तमानपत्राची घडी घातली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. काही न सांगता हिला बरंच कळतं. ही गोष्ट लग्न ठरवताना कोणी सांगितली नव्हती.

"म्हणजे तो म्हणत होता तसंच झालं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "हे बघ, मी भांडत नाही. तू मुद्दाम केलंस असंही म्हणत नाही. पण बाहेर सगळीकडे झालंय की हा न केलेलं काम केलं म्हणून सांगतो. दोन ठिकाणांहून त्याला परत पाठवलं. ह्या धंद्यात सगळे एकमेकांना फोन करतात ना? तूच सांगतोस. मालकांना एक वाक्य सांग. एकच. तो खोटं बोलला नव्हता, एवढं. बाकी स्क्रिप्टबिक्रिप्टचं तुझं तू बघ."

"बघतो."

"बघतो नाही. सांगशील?"

"सांगतो म्हटलं ना."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. बऱ्याच दिवसांनी. हात गरम होता, भांडी घासून आलेला.

१२ मार्च

वाक्य तयार आहे. मालक, त्या दिवशी मुलगा खरं बोलत होता. आंघोळ करताना म्हणून बघितलं. लहान आहे, अवघड नाही. ह्यानंतर मालक विचारतील, मग झालं काय. तिथून पुढची वाक्यं तयार होत नाहीत.

१४ मार्च

मालकांनीच बोलावून घेतलं. बसा म्हणाले. चहा मागवला.

दिग्दर्शक परत आला होता. केस बघून खूश झाला. पुढचा सगळा भाग आपल्याला. मालकांना मी पूर्ण विभागाचा प्रमुख व्हावं असं वाटतं. माझी स्क्रिप्ट दुसऱ्या शाखेतही चढवायची आहे. "तुमच्या त्या फोल्डरवाल्या गोष्टीने सगळा घोळ संपला," ते म्हणाले. "शिवाय चोर कोण तेही तिनेच दाखवलं."

मी चहा पीत होतो.

"बरं आठवलं. तुमच्या मेहुण्याबद्दल एका स्टुडिओतून विचारणा आलीय. त्याने माझं नाव दिलंय, हिंमत बघा. काय सांगू? तुम्ही म्हणाल तसं. घरचा मामला आहे."

वाक्य तोंडात होतं. खरंच होतं. मी कप खाली ठेवला. मालक पेन उघडून बसले होते. काचेखालचा घोडा माझ्याकडे बघत होता.

"मुलगा कामाला चांगला आहे," मी म्हटलं. "घेऊ दे त्यांना. फक्त झालं म्हणाला की एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं."

मालकांनी ते लिहून घेतलं. "चांगलं बोललात. दुसरा असता तर एकतर पाठीशी घातलं असतं, नाहीतर सूड घेतला असता."

खरं तर मी त्याचं चांगलंच केलं. घेऊ दे म्हटलं. घेतील. सुरुवातीला थोडी नजर ठेवतील, ती सगळ्यांवरच ठेवतात. नव्या माणसावर नजर ठेवू नये असं कोणी म्हटलंय?

घरी आलो तर ही दारातच.

"बोललास?"

"बोललो."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, चांगलं बोललात."

ती तिथेच स्टुलावर बसली. पदराने डोळे पुसले, हसली, पुन्हा पुसले. मग फोन घेऊन मागच्या खोलीत गेली. मी बूट काढत होतो. भिंतीतून सगळं ऐकू येतं.

"सांगितलं रे तुझ्या भावजींनी. हो, स्वतः जाऊन सांगितलं. नाही रे, आता कोणी तुला खोटारडा म्हणणार नाही." मग ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "देते निरोप. आधी रडणं थांबव."

बाहेर येऊन म्हणाली, तो रविवारी येतोय, तुझे आभार मानायला.

किती चटकन विश्वास ठेवतात ही माणसं. सगळं घराणंच तसं.